गाळलेल्या यादीतला जंतू : सोलापुरातल्या एका मेंदूज्वराचं प्रकरण

रुग्ण पंचेचाळिशीचा पुरुष. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘यंत्रमाग कामगार’, पत्ता शहराच्या पूर्व भागातला. दोन-अडीच महिन्यांपासून येऊन-जाऊन ताप, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, कंबर धरलेली. गेल्या पंधरवड्यापासून डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या. दाखल केलं तेव्हा तो बायकोला ओळखत होता, पण आज कोणता दिवस हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्याआधीचा प्रवास आपल्याकडे नेहमी दिसतो तसाच. गल्लीतला दवाखाना, सलाईन, विडाल तपासणी, टायफॉइडचा शिक्का, प्रतिजैविकांचा एक कोर्स. थोडं बरं वाटलं, पुन्हा ताप आला. मग दुसरा दवाखाना, दुसरं प्रतिजैविक. बायकोने आणलेल्या पिशवीत वेगवेगळ्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या होत्या. ती पिशवी कुणी फेकून दिली नाही हे चांगलं झालं, कारण रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच का उगवलं नाही याचं निम्मं उत्तर तिच्यात होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. रुग्ण, रुग्णालय आणि नमुना जिथे गेला ती प्रयोगशाळा यांची ओळख पटेल असं काही इथे देत नाही. प्रकरण मात्र तपशिलात मांडते. जनुकीय सिक्वेन्सिंग आणि मशीन लर्निंग यांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा कौतुकाचं, नाहीतर धास्तीचं. या रुग्णात यंत्राला उत्तर सापडलं होतं, आणि त्याच यंत्रणेच्या पुढच्या पायरीवर ते गाळलं गेलं. हे कसं झालं ते समजलं, तर सोलापूरसारख्या ठिकाणी नेमकं काय दुरुस्त करायला हवं तेही समजतं.

क्षयाचं निदान का झालं

पाठीतलं पाणी काढलं. पेशी वाढलेल्या, त्यांत लिम्फोसाइट बहुतांश. प्रथिनं बरीच जास्त, साखर थोडी कमी, एडीए (क्षयात बहुधा वाढणारं एक विकर) वाढलेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी आवरणावर सूज. एचआयव्ही निगेटिव्ह, क्रिप्टोकॉकस बुरशीची तपासणी निगेटिव्ह, मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह. सीबीनॅटमध्ये, म्हणजे क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, तो जंतू दिसला नाही.

हे चित्र समोर आल्यावर महाराष्ट्रातला कुठलाही फिजिशियन क्षयाचा मेंदूज्वर म्हणेल, आणि त्याने तसंच म्हणायला हवं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून मेंदूचा क्षय नाही असं ठरत नाही, कारण पाठीच्या पाण्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात. कल्चरचा अंतिम निकाल यायला सहा आठवडे लागतात. तेवढा काळ उपचार न करता थांबणं म्हणजे रुग्ण गमावणं. शिवाय हा माणूस सुताच्या धुळीत, दाटीवाटीच्या शेडमध्ये काम करणारा. चार औषधांचा क्षयाचा उपचार आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर हा निर्णय बरोबर होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवड्याभरात ताप उतरला. रुग्ण बोलायला लागला, जेवायला लागला, आणि निदान पक्कं झालं असं सगळ्यांनी धरलं.

खरी गुंतागुंत इथे आहे. क्षयाच्या चार औषधांतलं रिफाम्पिसिन फक्त क्षयाच्या जंतूवर चालत नाही. ते इतरही काही जंतूंवर चालतं, आणि पेशींच्या आत लपून राहणाऱ्या जंतूंवर विशेष. स्टेरॉइड तर सूज आणि ताप दोन्ही दाबतं, मूळ कारण कुठलंही असो. म्हणजे ‘क्षयाच्या औषधाने बरं वाटलं, म्हणून क्षय होता’ हा निष्कर्ष आपण रोज काढतो, पण तो तितका भक्कम नाही. स्टेरॉइडचा डोस कमी करत आणला तशी डोकेदुखी परतली. संध्याकाळचा ताप परतला. आणि एक नवी तक्रार आली : डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. औषधाचा परिणाम असेल, असं आधी वाटलं. पण त्याला दिलेल्या चार औषधांत स्ट्रेप्टोमायसिन नव्हतं, आणि बाकीच्यांनी असा एकच कान जात नाही.

दोन शक्यता उरत होत्या. क्षयाचा जंतू औषधांना दाद न देणारा असेल, किंवा मुळात तो क्षय नसेल. पाठीतलं पाणी पुन्हा काढलं, आणि या वेळी त्यातला थोडा भाग सिक्वेन्सिंगसाठी बाहेरगावी पाठवायचं ठरलं. खर्च हजारोंच्या घरात. नातेवाइकांनी पैसे उसने घेतले, हे नोंदवून ठेवते. या तपासणीची चर्चा करताना ही बाजू विसरली जाते.

नमुन्यातून काय वाचलं जातं

पीसीआर तपासणीत एका ठरावीक जंतूचं नाव घेऊन प्रश्न विचारलेला असतो : क्षयाचा जंतू आहे का? नागिणीचा विषाणू आहे का? ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं उत्तर मिळत नाही. मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंगमध्ये नाव घ्यावं लागत नाही. नमुन्यात जो डीएनए असेल, कुणाचाही, त्याचे लाखो छोटे तुकडे वाचले जातात आणि मग संगणक प्रत्येक तुकडा कुणाचा ते शोधतो.

अडचण प्रमाणाची असते. माणसाचा जनुकसंच सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. एखाद्या जिवाणूचा तीस-चाळीस लाखांचा. पाठीच्या पाण्यात सुजेमुळे आलेल्या मानवी पेशी भरपूर, जंतू थोडे. त्यामुळे वाचलेल्या तुकड्यांतले बहुसंख्य तुकडे माणसाचेच निघतात. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका १४ वर्षांच्या मुलाचं प्रकरण आलं, या तपासणीचं नाव जगभर झालं ते त्या प्रकरणामुळे. त्या मुलाच्या पाठीच्या पाण्यातून वाचलेल्या ३०,६३,७८४ तुकड्यांपैकी लेप्टोस्पायराचे होते फक्त ४७५. टक्केवारीत ०.०१६. तेवढ्यावरून निदान झालं, नेमकं औषध मिळालं आणि मुलगा घरी गेला. लेप्टोची नेहमीची तपासणी त्याच्यात निगेटिव्ह आली होती.

प्रत्येक तुकडा ओळखण्यासाठी जुळवणीच्या प्रणाली असतात. २०१४ सालीच आलेली क्रॅकन ही त्यांतली एक प्रसिद्ध प्रणाली. ती तुकड्यातून ३१ अक्षरांचे सलग भाग उचलते आणि ज्ञात जंतूंच्या कोशात शोधते. एखादा भाग एकाच जातीत सापडला तर तुकडा त्या जातीच्या नावावर जातो. दोन-तीन सख्ख्या जातींत सापडला, तर प्रणाली जात ठरवत नाही. एक पायरी वर जाऊन फक्त प्रजातीचं, म्हणजे त्या सख्ख्या जातींच्या गटाचं, नाव देते. नियम योग्यच आहे. पण या रुग्णात पुढचं सगळं याच पायरीवर अडलं.

अहवाल आला : वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा जंतू आढळला नाही. क्षयाच्या जंतूचा एकही तुकडा नाही.

अहवालाच्या मागची फाइल

अशा अहवालासोबत पूर्ण फाइल मागवावी, हा माझा आग्रह असतो. छापील अहवाल एक-दोन पानांचा असतो. त्याच्या मागे नमुन्यात सापडलेल्या सगळ्या नावांची लांब यादी असते, आणि कोरा नमुना म्हणून चालवलेल्या नळीचीही यादी असते. कोरा नमुना म्हणजे रुग्णाचं काहीच न घालता, तीच रसायनं वापरून केलेली तपासणी. त्यातही जंतू सापडतातच. डीएनए वेगळा करण्याच्या किटमध्ये, पाण्यात, रसायनांत माती-पाण्यातल्या जिवाणूंचा डीएनए असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने अशा दूषकांची यादीच दिली आहे.

मग खरा कोण आणि नळीतला कोण, हे ठरवण्यासाठी मशीन लर्निंगचं मॉडेल लावतात. प्रत्येक जंतूसाठी काही गोष्टी बघितल्या जातात : किती तुकडे मिळाले, कोऱ्या नमुन्याच्या किती पट मिळाले, आधीच्या किती नमुन्यांत हे नाव दिसलं होतं, रोग करणारा म्हणून हे नाव किती वेळा नोंदलं गेलंय. डॉक्टरांनी खरे ठरवलेले आणि खोटे ठरवलेले जुने निकाल दाखवून मॉडेल शिकवलेलं असतं. त्यावरून ते नव्या नमुन्यातल्या प्रत्येक नावाला गुण देतं. ठरावीक रेषेच्या वर असलेली नावं अहवालात येतात, खालची ‘पार्श्वभूमी’ म्हणून गाळली जातात.

आमच्या फाइलमध्ये गाळलेल्या नावांत, बरंच खाली, एक ओळ होती : ब्रुसेला, प्रजाती पातळी. तुकडे मोजके. शेरा : पार्श्वभूमी, कोऱ्या नमुन्यातही उपस्थित.

ब्रुसेला हा शेळ्या, मेंढ्या, गाई-म्हशींना होणाऱ्या संसर्गजन्य गर्भपाताचा जंतू. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टातल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो वेगळा केला. तो शेळीच्या दुधातून माणसात येतो हे थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९०५ मध्ये तिथेच दाखवलं. लांबलेला, चढ-उतार करणारा ताप, दरदरून घाम, कंबर आणि सांधे. थोड्या रुग्णांत तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, आणि तिथे पोचला की पाठीचं पाणी हुबेहूब क्षयासारखं दिसू शकतं, अगदी एडीएसकट. त्यात कानाची नस धरणं ही त्याची एक ओळखीची खूण. आणि रिफाम्पिसिन? ते ब्रुसेलाच्या उपचारातलं एक मुख्य औषध आहे.

एवढं सगळं एका ओळीवरून डोळ्यांपुढे आलं. पण कोऱ्या नमुन्यातही ब्रुसेला आहे, हे खरं असेल तर या ओळीला काहीच किंमत नाही. शेतातल्या जनावरांचा जंतू महानगरातल्या किटमध्ये कुठून आला?

याचं उत्तर वर्गीकरणात मिळालं. ऑक्रोबॅक्ट्रम नावाचे माती-पाण्यातले जिवाणू आहेत. निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत, आणि दूषकांच्या त्या यादीत त्यांचं नाव आहे. जनुकसंचाच्या दृष्टीने ते ब्रुसेलाचे जवळचे नातेवाईक. २०२० मध्ये जीवाणूंच्या वर्गीकरणाची फेरमांडणी झाली तेव्हा ऑक्रोबॅक्ट्रमच्या जाती ब्रुसेला प्रजातीत घातल्या गेल्या. ब्रुसेलोसिसवर काम करणाऱ्या अनेकांनी याला जोरदार हरकत घेतली. निरुपद्रवी आणि घातक एकाच नावाखाली आले तर रुग्णांच्या जिवाशी खेळ होईल, असं त्यांचं म्हणणं. पण अनेक संदर्भकोशांत बदल उतरला. आता कोऱ्या नळीत मातीतला जिवाणू सापडला तरी प्रजाती पातळीवर नाव येतं ते ब्रुसेला.

या प्रयोगशाळेच्या मॉडेलने तेच शिकलं होतं. त्याच्यासमोर आलेले नमुने बहुतांशी मोठ्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांतले आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचे. त्यांत खरा ब्रुसेलोसिस अगदी क्वचित, आणि दूषक म्हणून हे नाव वारंवार. मग ब्रुसेला दिसला की तो नळीतला, हे शिकणं मॉडेलच्या दृष्टीने अचूकच होतं. ते चुकलं, असंही म्हणवत नाही. त्याला जे दाखवलं होतं त्यात मंगळवेढा, सांगोला, माण हा शेळ्या-मेंढ्यांचा पट्टा नव्हता.

आईला विचारलेला प्रश्न

वॉर्डात गेले तेव्हा रुग्णाजवळ त्याची आई बसली होती. गावाहून आली होती. मंगळवेढा तालुक्यातलं गाव. मुलगा सोलापुरात मागावर कामाला असला तरी शेती आणि जनावरं गावाकडेच.

“आजी, घरी जनावरं आहेत का?”

“हायती की. एक म्हस हाय, सात-आठ शेरडं हायती.”

“यंदा कुठली शेळी गाभडली होती का?”

“दोन गाभडल्या बघा सुगीच्या टायमाला. एकीची वार अडकली व्हती. ह्योच आला व्हता तवा गावाकडं, ह्यानंच हात घालून काढली.”

“हातात काही घातलं होतं का, पिशवी वगैरे?”

“नाय वो. धुतलं मागनं पाण्यानं.”

“आणि दूध? तापवून पिता का तसंच?”

“च्याला तापवतो. ह्येला मातुर ल्हानपणापासनं धारोष्ण लागतंय शेळीचं.”

केसपेपरवर ‘यंत्रमाग कामगार’ लिहिलेलं होतं, आणि ते खरंच होतं. पण आपल्या जिल्ह्यात मागावर, विडीच्या कारखान्यात, एमआयडीसीत कामाला असलेला माणूस गावाकडच्या गोठ्यापासून तुटलेला नसतो. सुगीला जातो, जत्रेला जातो, जनावर अडलं की जातो. व्यवसायाच्या रकान्यात एकच ओळ मावते, म्हणून दुसरा अर्धा माणूस कागदावर येतच नाही.

पडताळणी

दोन गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या. रक्तावर रोझ बेंगॉल तपासणी, म्हणजे ब्रुसेलाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) शोध. गुलाबी रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंचा एक थेंब, रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक थेंब, कार्डावर मिसळायचे आणि चार मिनिटं हलवत राहायचं. गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. यंत्र लागत नाही. खर्च सिक्वेन्सिंगच्या मानाने नगण्य. गुठळ्या ठळक दिसल्या. रक्तद्रव पायरीपायरीने पातळ करत केलेल्या नळीतल्या ॲग्लुटिनेशन (गुठळ्यांच्या) तपासणीत पातळी १:१६० या नेहमीच्या रेषेच्या खूप वर गेली. पहिल्या, सर्वांत कमी पातळ केलेल्या एक-दोन नळ्यांत मात्र काहीच दिसलं नाही. प्रतिपिंडं फार जास्त असली की असं होतं. ज्यांना हे माहीत नसतं ते तिथेच निगेटिव्ह लिहून थांबतात. पाठीच्या पाण्यातही प्रतिपिंडं मिळाली.

दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेला विनंती केली की ब्रुसेलाचे तुकडे प्रजाती पातळीवर न मोजता पूर्ण जनुकसंचांवर बसवून बघा. रुग्णाचे वेगळे, कोऱ्या नमुन्याचे वेगळे. तिथल्या लोकांनी लगेच केलं, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. कोऱ्या नमुन्यातले तुकडे मातीतल्या नातेवाइकाच्या जनुकसंचावर बसले. रुग्णातले बसले ब्रुसेला मेलिटेन्सिसवर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जातीवर, आणि एका जागी गोळा न होता तिच्या दोन्ही गुणसूत्रांवर विखुरलेले. हे विखुरणं फार मोलाचं. तपासणीतल्या दोषामुळे आलेले तुकडे बहुधा एकाच जागी साचतात. खरा जंतू असेल तर त्याच्या जनुकसंचात कुठूनही तुकडे येतात. काही तुकडे आयएस७११ या क्रमाचे होते. रोग करणाऱ्या ब्रुसेला जातींत हा क्रम अनेक प्रतींत असतो. मातीतल्या नातेवाइकांत सहसा नसतो.

प्रजाती पातळीवर मोजताना कोऱ्या नळीतल्या मातीच्या जिवाणूने रुग्णाच्या खऱ्या जंतूला खोडून काढलं होतं. एक पायरी खाली उतरल्यावर दोघे वेगळे झाले. मॉडेल बदलावं लागलं नाही, नवा नमुना लागला नाही.

आधी केलेल्या कल्चरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ब्रुसेला हा प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना लागण होण्यासाठी कुप्रसिद्ध जंतू आहे. तुषारांतून श्वासावाटे जातो. ब्रुसेलाची थोडी जरी शंका असेल तरी ती नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिली पाहिजे, म्हणजे तंत्रज्ञ प्लेट उघड्या टेबलावर हाताळणार नाहीत. आमच्या इथे निदान झाल्यावर जुन्या कल्चर बाटल्या हाताळणाऱ्या सगळ्यांना कळवलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्या बाटल्यांत काही उगवलं नव्हतं, हे सुदैव.

औषधं थांबवायची की नाही

निदान झालं म्हणजे क्षयाची औषधं बंद, असं वाटेल. तसं नव्हतं. ब्रुसेलाच्या मेंदूज्वरात सेफ्ट्रियाक्झोन, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन काही महिने देतात. रिफाम्पिसिन दोन्हीकडे सामाईक. आता समजा या माणसाला ब्रुसेलासोबत क्षयही असेल, आपल्या भागात हे अशक्य नाही, आणि आपण आयसोनियाझिडसह बाकीची क्षयाची औषधं काढून घेतली, तर क्षयाच्या जंतूसमोर प्रभावी असं रिफाम्पिसिन जवळजवळ एकटं उरतं. एकट्या औषधाने जंतू त्या औषधाला निर्ढावतो. एका रोगाचा इलाज करताना दुसऱ्या रोगाचा सर्वांत बिकट प्रकार आपणच तयार करायचा, हा धोका कुणी पत्करावा?

म्हणून क्षयाच्या कल्चरचा ४२ दिवसांचा अंतिम निकाल येईपर्यंत क्षयाची औषधं चालू ठेवून त्यावर सेफ्ट्रियाक्झोन आणि डॉक्सिसायक्लिन जोडलं. गोळ्यांची संख्या मोठी, यकृताच्या तपासण्या वारंवार, रुग्ण कंटाळलेला. निकाल निगेटिव्ह आला तेव्हा क्षयाची बाकीची औषधं काढली. डोकेदुखी आणि ताप डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत गेला होता. पाठीचं पाणी सुधारायला काही महिने लागले. डावा कान पूर्ण परत आला नाही. निदान आधी झालं असतं तर आला असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही; पण कानाच्या नसेला वेळेवर औषध मिळण्याने फरक पडतो.

मग सिक्वेन्सिंग हवं होतं का?

चर्चेत एका सहकाऱ्याने विचारलं, रोझ बेंगॉलने चार मिनिटांत होणाऱ्या निदानासाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पहिल्याच दिवशी जनावरांबद्दल विचारलं असतं तर ती तपासणी झाली असती. पण ते सुचलं नव्हतं, आणि ब्रुसेला हे नाव या केसपेपरवर पहिल्यांदा आणलं ते सिक्वेन्सिंगने. नाव न घेता शोधणाऱ्या तपासणीचा उपयोग हाच.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदलेल्या आहेत. अमेरिकेतल्या आठ रुग्णालयांतल्या २०४ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू आणि आवरणाच्या ५८ संसर्गांपैकी १३ फक्त सिक्वेन्सिंगने सापडले. पण २६ संसर्ग सिक्वेन्सिंगला सापडलेच नाहीत, आणि त्यातले ११ निव्वळ प्रतिपिंडांच्या तपासणीने कळले. म्हणजे साधी रक्तद्रवाची तपासणी जुनी झाली म्हणून टाकून द्यायची वस्तू नाही. जानेवारी २०२५ मधली गुलेन बॅरेची साथ आठवा. पुण्यात नोकरीला असलेला एक संशयित रुग्ण आपल्या सोलापुरात दगावला, तेव्हा शहर हादरलं होतं. त्या आजारात हातपाय लुळे पडेपर्यंत मूळ संसर्ग बहुधा ओसरलेला असतो. पाठीच्या पाण्यात जंतू शोधून उपयोग नसतो, विष्ठेचे नमुने आणि प्रतिपिंडं बघावी लागतात. कुठला नमुना कधी घ्यायचा हे रोग कसा पसरतो त्यावरून ठरतं. यंत्र कितीही महाग असलं तरी त्याला जे घातलं तेवढंच ते वाचतं.

मॉडेलमध्ये सुधारणा होऊ शकते आणि होते आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अतिदक्षता विभागातल्या श्वसन निकामी झालेल्या रुग्णांवर केलेलं काम मला फार आश्वासक वाटतं. त्यांनी फक्त जंतूचे तुकडे मोजले नाहीत. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतली कुठली जनुकं चालू झाली आहेत तेही त्याच नमुन्यातून वाचलं आणि मॉडेलला दोन्ही दिलं. शरीर संसर्गाशी लढतंय की दाह दुसऱ्या कारणाचा आहे, हे जनुकांच्या हालचालीवरून ओळखता येतं. नळीतल्या दूषकाला शरीर प्रतिसाद देत नाही, त्यामुळे खरा जंतू आणि दूषक यांतली निवड अधिक भरवशाची होते. त्यासाठी आरएनए लागतो, आणि तो फार नाजूक. पारा ४० च्या पुढे गेलेला असताना सोलापूरहून थंड साखळी न तोडता तो पोचवणं हे आपल्यापुढचं अगदी साधं, पण सोडवलंच पाहिजे असं काम आहे.

तोवर दोन कागद बदलले तरी पुष्कळ होईल. एक, प्रयोगशाळेकडून येणारा. गाळलेल्या नावांची यादी आणि कोऱ्या नमुन्याचा निकाल अहवालासोबत न मागता यायला हवा, आणि ब्रुसेला, लेप्टोस्पायरा, क्षय अशा मोजक्या नावांचा एक जरी तुकडा सापडला तरी तो जाती पातळीपर्यंत तपासल्याशिवाय गाळू नये. हे मॉडेलच्या गुणांवर सोडायचं काम नाही. दुसरा, आपल्याकडून जाणारा. नमुन्यासोबत आम्ही लिहिलं होतं : ताप, मेंदूज्वर, क्षयाचा संशय. शेळ्या, गाभडणं, निरसं दूध, यातलं काहीही नव्हतं. ते असतं तर तिथल्या तज्ज्ञाने त्या ओळीकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं, आणि पुढे कधीतरी मॉडेललाही ही माहिती शिकवता आली असती. आता आमच्या विभागातल्या मागणीपत्रावर गावाकडची जनावरं, गाभडणं, वार काढणं आणि न तापवलेलं दूध याचे रकाने आहेत. नर्सिंग स्टाफ ते भरून घेतो. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना विचारतो, कारण घरच्या जनावरांचं त्यांना नेमकं माहीत असतं.

घरच्या सगळ्यांची रोझ बेंगॉल केली. आई पॉझिटिव्ह निघाली. गुडघे आणि कंबर दुखते ते वयामुळे, असं ती धरून चालली होती. तिलाही उपचार दिले.

शेळ्यांचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून ब्रुसेलाची लस आहे, पण ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारी मेलिटेन्सिस जात ज्यांच्यात राहते त्या शेळ्या-मेंढ्या ब्रुसेलाच्या त्या लसीकरणात नाहीत. त्यांच्यासाठी रेव्ह-१ नावाची लस जगात अनेक ठिकाणी वापरली जाते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून कळपाचं रक्त तपासायला घेतलं. पण गाभडलेल्या दोन्ही शेळ्या तोवर सांगोल्याच्या बाजारात विकल्या गेल्या होत्या. गाभडलेली शेळी दाराशी ठेवून खायला घालणं त्या घराला परवडणारं नव्हतं, आणि ती ठेवा, विकू नका, असं सांगणाऱ्या आमच्याकडे त्यांना द्यायला कुठली भरपाई नव्हती. त्या शेळ्या कुणी नेल्या ते आजींना आठवत नाही.